हृदयाच्या धमनीतला डोह

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीला फुगवटा आलाय असं कळलं, की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "फुटेल का हो?"

मी परफ्युजनिस्ट आहे. पुण्यातल्या एका रुग्णालयात हार्ट-लंग मशीन चालवते. सर्जन हृदय थांबवून त्यावर काम करत असतात, तेव्हा शरीरभर रक्त फिरवणं आणि त्यात प्राणवायू मिसळणं हे काम माझ्या यंत्राचं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी वॉर्डात जाऊन पेशंटची उंची आणि वजन स्वतः पाहून येते, कारण मिनिटाला किती रक्त फिरवायचं याचा हिशेब त्यावर बसतो. खाटेशेजारी दोन मिनिटं थांबलं की हा प्रश्न येतोच. मी सांगते, फुटू शकतो, पण तसं क्वचित घडतं. आम्हाला जास्त काळजी असते ती आत रक्त गोठण्याची.

हृदयाच्या मुख्य धमन्या तशा बारीक असतात, साधारण तीन-चार मिलिमीटर व्यासाच्या. शेजारच्या निरोगी भागाच्या दीडपट किंवा त्याहून जास्त रुंद झालेल्या तुकड्याला डॉक्टर ॲन्युरिझम म्हणतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या नोंदणीचे आकडे १९८३ साली प्रसिद्ध झाले. त्यात अँजिओग्राफी केलेल्या शंभरातल्या जवळपास पाच जणांत असा काही ना काही फुगवटा दिसला होता. यातले बहुतेक लहान असतात आणि औषधांवर राहतात. २० मि.मी.च्या पुढे गेलेले, ज्यांना जायंट म्हणतात, ते फार थोडे. उजवी धमनी त्यांची आवडती जागा. मोठ्या माणसांत निम्म्याच्या आसपास वेळा कारण तेच असतं जे ब्लॉकेजचं : धमनीच्या भिंतीत चरबी साठते, भिंत कमकुवत होते, आणि अरुंद होण्याऐवजी ती सैल पडून फुगते. काहींना जन्मजात असतो, काहींना जंतुसंसर्गाने किंवा धमन्यांच्या दाहामुळे, तर काहींना स्टेंट घातल्यानंतर येतो. लहान मुलांत मात्र कावासाकी नावाचा आजार हे मुख्य कारण आहे. त्याबद्दल मला बरंच सांगायचं आहे, ते पुढे.

खळाळत येणारी नदी डोहात शिरली की संथ होते, कडेला भोवरे फिरतात, गाळ तळाशी बसतो. फुगलेल्या धमनीत रक्ताचं तेच होतं. वेग मरतो, भिंतीलगत रक्त घुटमळतं, आणि घुटमळलेलं रक्त गोठतं. ती गुठळी वाढून तोंड बंद करते, किंवा तिचा तुकडा सुटून पुढच्या बारीक फांदीत अडकतो. दोन्हीचा परिणाम एकच, हार्ट अटॅक. काही पेशंटना फुगवटा आहे हे त्या अटॅकच्या दिवशीच कळतं.

मग एवढी धोक्याची पिशवी बांधून का टाकत नाहीत? हाही प्रश्न मला विचारला जातो, आणि तो रास्त आहे. शरीरात इतरत्र ते फार पूर्वीच केलं गेलं. १७८५ साली लंडनमध्ये जॉन हंटर यांनी एका घोडागाडी हाकणाऱ्या माणसाच्या गुडघ्यामागचा फुगवटा बरा केला तो मांडीतली धमनी बांधून. पाय शाबूत राहिला, कारण मांडीत आडवाटांनी रक्त नेणाऱ्या लहान वाहिन्या असतात आणि मुख्य रस्ता बंद झाला की त्या रुंदावतात. या हंटरना स्वतःला छातीत कळ येण्याचा त्रास होता. १७९३ मध्ये आपल्याच रुग्णालयातल्या बैठकीत वादावादी झाली आणि ते कोसळून गेले. शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाच्या धमन्या हाडासारख्या कडक झालेल्या सापडल्या. हृदयातले फुगवटे तर त्याही आधी, १७६१ साली, इटलीच्या मोर्गान्यी यांनी नोंदवून ठेवलेले होते. म्हणजे फुगवटा माहीत होता आणि धमनी बांधण्याची युक्तीही माहीत होती. तरी हृदयात ती चालणार नव्हती. तिथे आडवाटा अपुऱ्या असतात. मोठी धमनी एकाएकी बांधली तर तिच्या पुढचा स्नायू मरतो. आधी रक्ताला दुसरी वाट करून देता आली पाहिजे. ती वाट म्हणजे बायपास. छातीच्या आतल्या धमनीने केलेले बायपास लेनिनग्राडमध्ये कोलेसोव्ह यांनी १९६४ पासून केले, आणि पायातली शीर वापरून फावालोरो यांनी क्लीव्हलँडमध्ये १९६७ मध्ये. भारतात पहिला बायपास १९७५ साली चेन्नईच्या पेरांबूर रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केला. बायपास आला तेव्हा कुठे हृदयातल्या पिशवीला हात घालायची सोय झाली.

एक ऑपरेशन सविस्तर सांगते, म्हणजे नेमकं काय करतात ते कळेल. पेशंट एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक, साठी ओलांडलेले. जिना चढताना छाती भरून यायची. अँजिओग्राफीत उजव्या धमनीच्या सुरुवातीलाच ३२ मि.मी.चा फुगवटा, आत गुठळीची सावली, आणि डाव्या बाजूच्या मुख्य फांदीत, एलएडीत, वेगळं ब्लॉकेज. आदल्या संध्याकाळी काका मला म्हणाले, "मॅडम, आख्खं इंजिन उतरवणार म्हणा की." मी म्हटलं, उतरवणार नाही, बंद ठेवणार. तेवढा वेळ दुसरं इंजिन मी चालवणार. त्यांना ते पटलं. मग त्यांनी माझ्या यंत्राबद्दल इतके नेमके प्रश्न विचारले, की पंपाचे रोलर नळी कशी दाबतात हे मला कागदावर काढून दाखवावं लागलं.

सकाळी छातीचं मधलं हाड उघडलं. एक सर्जन पायातली शीर काढत होते, दुसरे छातीच्या आतल्या भिंतीवरची धमनी सोडवत होते. या धमनीला आम्ही सगळे 'लिमा' म्हणतो. हृदयाभोवतीचं आवरण उघडल्यावर उजवीकडे, वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या खाचेत, चरबीखाली पिशवी दिसली. ठोक्यासोबत हलत होती. अशा वेळी थिएटरमधला पहिला नियम असा, की पिशवीला हात लावायचा नाही. चाचपताना आतली गुठळी सुटून पुढे गेली, तर ऑपरेशन सुरू व्हायच्या आधीच अटॅक यायचा.

हेपारिन दिलं. रक्त यंत्राच्या नळ्यांत गोठू नये म्हणून वजनाच्या दर किलोला साधारण ३०० युनिट देतात. मग एसीटी नावाची चाचणी करतो. रक्त गोठायला ४८० सेकंदांहून जास्त वेळ लागतोय हे दिसल्याशिवाय मी पंप सुरू करत नाही. उजव्या वरच्या कप्प्यातून रक्त माझ्याकडे येतं, ऑक्सिजनेटरमधून जातं आणि महाधमनीत परत जातं. काकांसाठी हिशेब मिनिटाला सुमारे चार लिटरचा होता. "ऑन पंप," मी सांगितलं. शरीर ३२ अंशांपर्यंत थंड केलं. महाधमनीला क्लॅम्प लागला आणि हृदय थांबवायची वेळ आली.

इथे फुगवट्याचं ऑपरेशन नेहमीच्या बायपासपेक्षा वेगळं होतं, आणि माझ्या कामात ते सगळ्यात जास्त जाणवतं. हृदय थांबवायला पोटॅशियम असलेलं द्रावण देतात, त्याला कार्डिओप्लेजिया म्हणतात. एरवी ते महाधमनीच्या मुळातून, रक्ताच्या नेहमीच्या वाटेने जातं. पण वाटेत पिशवी असली की द्रावण तिथेच घोटाळतं, पुढे पुरेसं पोचत नाही, आणि दाबाने गुठळी पुढे सरकण्याची भीती असते. म्हणून उलट्या वाटेने, हृदयातलं वापरलेलं रक्त जिथे गोळा होतं त्या मोठ्या शिरेतून, ते मागे ढकलतात. दाब पाऱ्याच्या ४० मि.मी.च्या आत ठेवावा लागतो, नाहीतर ती नाजूक शीर फाटू शकते. या उलट्या वाटेलाही एक उणीव आहे. उजवा खालचा कप्पा तिने नीट भिजत नाही, आणि आमची पिशवी नेमकी उजव्या धमनीवर! त्यामुळे सर्जननी आधी पायातली शीर उजव्या धमनीच्या पुढच्या, निरोगी टोकाला शिवली आणि मी त्या शिरेतूनच द्रावण सोडलं. मॉनिटरवरची रेघ तोवर सरळ झालेली होती.

मग पिशवी उघडली. भिंतीला चिकटलेली जुनी, फिकट, थरांची गुठळी. आत ताजी, काळसर. ती काळजीपूर्वक काढल्यावर दोन तोंडं दिसली, एक रक्त आत येण्याचं आणि एक बाहेर जाण्याचं. शिवाय बाजूला लहान फांद्यांची छिद्रं. बाहेरून दोन्ही टोकांना दोरा बांधून का भागत नाही, ते या छिद्रांमुळे. १८८८ साली न्यू ऑर्लिन्समध्ये रुडॉल्फ मॅटस यांच्याकडे दंडातल्या धमनीत फुगवटा असलेला पेशंट होता. दोन्ही बाजूंनी बांधूनही पिशवीतले ठोके थांबेनात. शेवटी त्यांनी पिशवी उघडली आणि आतली सगळी तोंडं आतूनच शिवली. आमच्या सर्जननी त्या दिवशी तेच केलं, बारीक प्रोलीनच्या दोऱ्याने. त्याआधी, एखादी फांदी मोठी असून तिच्यावर बराच स्नायू अवलंबून तर नाही ना, हे त्यांनी पाहून घेतलं. मग रिकाम्या पिशवीची भिंत दुमडून वर टाके घातले. लिमा डावीकडच्या फांदीला जोडली, शिरेचं वरचं टोक महाधमनीला.

प्रत्येक पिशवीला हीच पद्धत चालते असं नाही. पिशवी आखूड असेल तर कापून काढून मध्ये शिरेचा तुकडा बसवतात. सहज हाताशी येणारी असेल तर काही सर्जन हृदय चालू ठेवूनही काम करतात. सगळ्यात अवघड म्हणजे डाव्या मुख्य धमनीवरची. ती बंद करायची तर तिच्या पुढच्या दोन्ही मोठ्या शाखांना आधी नवं रक्त मिळालं पाहिजे.

पिशवी तशीच ठेवून नुसता बायपास केला तर काय बिघडतं, हे काकांच्या मुलाने नंतर विचारलं. त्याचं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. रक्त सोपी वाट धरतं. फुगलेली मूळ धमनी रुंद आणि उघडी असेल, तर बहुतेक रक्त तिच्यातूनच जातं आणि नव्या वाहिनीत प्रवाह नावापुरता उरतो. छातीतल्या धमनीला असा रिकामटेकडेपणा सोसत नाही. ती आकसून दोरीएवढी होते, कधी बंदही पडते. गुठळीचं घर जिथल्या तिथे राहतं ते वेगळंच. पिशवी बंद करणं आणि नवी वाट देणं ही म्हणून एकाच उपचाराची दोन अंगं आहेत. बायपासनंतर सर्जन नव्या वाहिनीवर एक छोटा प्रोब लावून मिनिटाला किती मिलिलिटर रक्त वाहतंय ते मोजतात. तो आकडा मोठ्याने सांगितला जातो तेव्हा थिएटरमध्ये सगळ्यांचे कान तिकडे असतात. काकांचा आकडा चांगला आला. पंप हळूहळू कमी करत बंद केला, हेपारिनचा परिणाम उतरवणारं प्रोटामिन दिलं, छाती बंद झाली.

ऑपरेशन सगळ्यांनाच करावं लागतं का? नाही. लहान फुगवट्यांना ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी, रक्तदाबावर नियंत्रण आणि ठरावीक काळाने तपासणी पुरते. पिशवी मध्यम असेल आणि धमनी सरळ, तर आच्छादित स्टेंट घालून ती आतून बाजूला टाकता येते. बाहेरून कापड लावल्यासारखं कृत्रिम पडद्याचं आवरण त्याला असतं. पण पिशवीच्या जागी मोठी फांदी फुटत असेल तर तीही त्याने बंद होते. पिशवी फार मोठी असेल, वाढत असेल, डाव्या मुख्य धमनीवर असेल, तिच्यातून वारंवार गुठळ्या सुटत असतील, किंवा सोबत बायपास लागणारे ब्लॉकेज असतील, तर सर्जरीकडे कल जातो. इतक्या दुर्मिळ आजारात हजारो रुग्णांची तुलना करणाऱ्या चाचण्या होऊ शकलेल्या नाहीत. निर्णय कार्डिओलॉजिस्ट आणि सर्जन एकत्र बसून फिल्म बघत करतात. घरच्यांनी दुसरं मत घ्यायचं म्हटलं तर कुणालाही वाईट वाटायचं कारण नाही, उलट ते घ्यावंच.

आता मुलांबद्दल.

जानेवारी १९६१ मध्ये टोकियोच्या रेडक्रॉस रुग्णालयात तोमिसाकू कावासाकी या बालरोगतज्ज्ञांनी चार वर्षांचा एक मुलगा पाहिला. ताप, लाल डोळे, फुटलेले ओठ, अंगावर पुरळ, पण ओळखीच्या कुठल्याच आजारात बसेना. त्यांनी अशी मुलं टिपत ठेवली आणि १९६७ मध्ये ५० मुलांची नोंद जपानी भाषेत प्रसिद्ध केली. इंग्रजीत ती १९७४ मध्ये आली. सुरुवातीला वाटलं, हा आपोआप बरा होणारा ताप आहे. मग काही मुलं अचानक दगावली, आणि शवविच्छेदनात हृदयाच्या धमन्यांत फुगवटे आणि गुठळ्या सापडल्या. उपचार न मिळालेल्या साधारण चारातल्या एका मुलाच्या धमन्यांना या आजारात इजा होते. मुलांत ८ मि.मी.चा फुगवटासुद्धा जायंट धरतात.

आमच्याकडे आलेला मुलगा मराठवाड्यातल्या एका गावचा, चौथीतला. दोन वर्षांचा असताना आठवडाभर ताप होता, गोवर समजून औषधं झाली, नंतर बोटांच्या टोकांची सालं निघाली. आई ते सगळं तारीखवार सांगत होती, पण तेव्हा कुणी तिला या आजाराचं नाव सांगितलं नव्हतं. शाळेत कबड्डी खेळताना छातीत दुखून तो खाली बसला तेव्हा इको झाला. एलएडीवर मोठा फुगवटा, आणि जिथे तो संपतो तिथे धमनी जवळजवळ बंद.

मुलांच्या बायपासची वाट सोइचिरो कितामुरा या जपानी सर्जननी घालून दिली. कावासाकीच्या मुलावर त्यांनी पायातली शीर वापरून केलेल्या बायपासचा वृत्तांत १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. पण मुलांच्या शिरा पुढे टिकेनात. मग ते छातीतल्या धमनीकडे वळले, आणि त्यांना दिसलं की ही धमनी मुलासोबत वाढते. लांबीही वाढते, रुंदीही. २००९ मध्ये त्यांनी ११४ मुलांचा दीर्घ पाठपुरावा मांडला : वीस वर्षांनी छातीतल्या धमनीचे ८७ टक्के जोड उघडे होते, शिरांचे ४४ टक्के, आणि पंचवीस वर्षांनी ९५ टक्के मुलं हयात होती. हे आकडे मी त्या आईला सांगितले, दोनदा सांगितले. तिने विचारलं, "म्हंजी माझा पोरगा वाढंल तशी ती नळीबी वाढंल?" हो. तसंच.

मुलाच्या ऑपरेशनच्या दिवशी माझं यंत्रही वेगळं मांडलं होतं. नळ्या आखूड आणि बारीक, ऑक्सिजनेटर लहान, कारण मुलाच्या अंगातच रक्त थोडं. मोठ्यांच्या नळ्या भरल्या तर ते फार पातळ होतं. दोन मि.मी.हूनही बारीक धमनी सर्जन भिंगाच्या चष्म्यातून शिवत होते. फुगवट्याच्या पुढे धमनी जवळजवळ बंदच असल्याने नव्या वाटेशी स्पर्धा करणारा प्रवाह नव्हता, म्हणून पिशवी उघडली नाही. मोठ्यांचा नियम मुलांना जसाच्या तसा लागू होत नाही, तो असा.

हे ऑपरेशन त्या मुलाला लागायलाच नको होतं, याचं मला अजून वाईट वाटतं. पाच दिवस न उतरणारा ताप, पू नसलेले लाल डोळे, लालभडक जीभ आणि चिरलेले ओठ, पुरळ, सुजलेले हातपाय, मानेत गाठ : यातली चार-दोन लक्षणं एकत्र दिसली तर बालरोगतज्ज्ञांना 'कावासाकी असू शकेल का' असं सरळ विचारा. लहान बाळांत सगळी लक्षणं दिसतातच असं नाही. पहिल्या दहा दिवसांत वजनाच्या दर किलोला २ ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून दिलं, तर फुगवट्याची शक्यता शंभरात चार-पाचांवर येते. औषध महाग आहे, पण त्या दहा दिवसांनंतर तेवढा गुण कुठलंच औषध देत नाही.

त्या मुलाला आता ॲस्पिरिन चालू आहे, आणि पिशवी आत आहे म्हणून वॉरफरिनही. रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आयएनआर दोन ते तीनच्या मध्ये ठेवायचा असल्याने ठरलेल्या तारखांना रक्त तपासावं लागतं. दुखलं-खुपलं म्हणून आयब्युप्रोफेन द्यायचं नाही, ते ॲस्पिरिनच्या कामात आडवं येतं. दरवर्षी फ्लूची लस घ्यायची. ज्या मुलांना इम्युनोग्लोब्युलिन मिळालंय त्यांची गोवर आणि कांजिण्यांची लस अकरा महिने पुढे ढकलतात, हे गावातल्या आशाताईंनाही सांगून ठेवावं लागतं. कबड्डी बंद, कारण रक्त पातळ असताना मार लागायला नको. धावणं आणि पोहणं डॉक्टरांनी मोकळं केलंय. अठरा पूर्ण झाली की तो मोठ्यांच्या कार्डिओलॉजिस्टकडे जाईल. तेव्हा फाइलमध्ये ऑपरेशन नोट असलीच पाहिजे, अँजिओची सीडी असलीच पाहिजे : कोणती धमनी कुठे जोडली, पिशवी बांधली की ठेवली. पुढे कधी अँजिओग्राफी करावी लागली, तर लिमापर्यंत पोचायला कॅथेटर डाव्या मनगटातून नेणं सोयीचं पडतं, आणि ते करणाऱ्या डॉक्टरला हे आधीच माहीत असायला हवं. आईने सगळे कागद लॅमिनेट करून घेतलेत.